बारावं कलम

आमचं टोकन एकतीस नंबरचं होतं आणि भिंतीवरच्या लाल आकड्यांत अजून सव्वीसच दिसत होतं. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयातल्या लांब बाकावर तोडकर काकू बसल्या होत्या. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. त्यांचा मुलगा विरूपाक्ष बाहेर जिन्यात फोनवर बोलत होता. भाडेकरू म्हणजे सरकार, आणि सरकारतर्फे आलेले धुमाळ साहेब आपल्या कारकुनासोबत खिडकीशी उभे होते. मी या सगळ्यांना एकत्र आणणारी एजंट. पक्षकारांना ओळखणारी साक्षीदार, म्हणजे ओळखदार म्हणून माझी सही लागणार होती, म्हणून कारकुनानं भाडेकराराचा दस्त माझ्या हातात दिला.

"शेवटच्या पानावर, मॅडम. नाव, पत्ता आणि सही."

तिथे सही करून मी दस्त परत दिला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण कॉलेजच्या मुलींना भाड्यानं खोल्या लावून देता देता मला एक सवय लागली होती. सही करायच्या आधी कागद पहिल्या पानापासून चाळायचा. पाचव्या पानावर बारावं कलम आलं आणि मी थांबले.

आमचं ठरलेलं बारावं कलम साधं होतं. मालकांना स्वतःसाठी जागा लागली तर त्यांनी तीन महिने आधी लेखी कळवायचं, कार्यालय जागा रिकामी करून देईल. इथे भलतंच लिहिलं होतं. तीन वर्षांची मुदत संपली तरी शासनाला सोयीची दुसरी जागा मिळेपर्यंत कार्यालय याच जागेत, याच भाड्यात राहील आणि मालक त्याला हरकत घेणार नाहीत.

दोनदा वाचलं. मग उठून साहेबांकडे गेले.

"साहेब, बारावं कलम बदललंय."

त्यांनी दस्ताकडे पाहिलंसुद्धा नाही. "विधी शाखेनं बदललं. वरून तसाच मसुदा आला."

"मालकांना सांगितलंत?"

"पाच दिवसांपूर्वी प्रत घरी पाठवली आहे. पोच आहे माझ्याकडे. वाचायची जबाबदारी त्यांची."

"पण मी त्यांना शब्द दिलाय."

साहेब माझ्याकडे वळले. आवाज खालीच होता, पण एकेक शब्द वेगळा काढल्यासारखा. "खैरमोडे बाई, तुम्हाला नेमलं कुणी? आम्ही. मानधन कोण देतं? आम्ही. मग तुम्ही कुणाच्या बाजूच्या?"

मी पाचवं पान उघडून दस्त त्यांच्यापुढे धरला.

"आज सत्तावन्नावा दिवस आहे," ते म्हणाले. "साठ दिवसांत पहिली जागा नोंदली गेली नाही तर तुमची नेमणूक रद्द. हे मी नाही ठरवलेलं, तुमच्या पत्रातच आहे. शांत बसा. अर्ध्या तासाचा प्रश्न आहे."

भिंतीवर सत्तावीस आकडा आला.

या गोष्टीला आता सोळा वर्षं झाली. खात्याचं नाव मी घेत नाही. धुमाळ साहेब कधीच निवृत्त झाले, आणि माणूस म्हणून ते वाईट नव्हते. त्या वर्षी त्यांच्या खात्याला जिल्ह्यात तीन ठिकाणी कार्यालयासाठी जागा हव्या होत्या. दोनदा पेपरात जाहिरात देऊनही एक मालक फिरकला नव्हता. सरकारला जागा दिली की ती परत मिळत नाही, ही धास्ती आमच्या कराडात घराघरांत होती, आणि ती उगाच नव्हती. आमच्याच पेठेत एक कार्यालय सत्तावीस वर्षं ठाण मांडून बसलं होतं. त्याचा मालक कोर्टाच्या पायऱ्या झिजवता झिजवता वारला.

म्हणून खात्यानं पहिल्यांदाच जागा शोधायला एजंट नेमायचं ठरवलं. रीतसर अर्ज मागवले, मुलाखती घेतल्या. आम्ही पाच जण होतो. चौघे मोठ्या गाड्यांतून आलेले पुरुष आणि पाचवी मी, झेरॉक्सच्या दुकानात टेबल टाकून कॉलेजच्या मुलींना खोल्या शोधून देणारी. मुलाखतीत धुमाळ साहेबांनीच विचारलं होतं, "मालक तयार होत नाहीत. तुम्ही कसं पटवणार?"

मी म्हणाले, "त्यांना कशाची भीती वाटते ते विचारेन आणि त्यावरचा उपाय करारात लिहून देईन."

त्या उत्तरावर मला काम मिळालं. नेमणुकीचं पत्र मी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवलं होतं, घाम लागू नये म्हणून.

महिनाभर सगळे दरवाजे बंद मिळाले. मग तोडकरांचा छापखाना आठवला. खाली मोठा हॉल, वर राहतं घर. तोडकर काका गेल्यावर यंत्रं विकली गेली आणि चार वर्षं हॉल कुलपात होता. माझ्या धंद्याची पहिली कार्डं तिथेच छापली होती. माझ्या नावातली एक मात्रा राहिलेली काकूंनीच पकडली होती आणि शंभर कार्डं पुन्हा छापून दिली होती. त्यामुळे जाताना थोडा धीर होता.

काकूंनी चहा ठेवला, माझं सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "एक सांग वैजू. सरकारी ऑफिस एकदा आत आलं की बाहेर जात नाही म्हणतात. खरं का गं?"

मी घाईनं म्हणाले, "काकू, तुम्ही अजिबात काळजी करू नका. तीन महिन्यांत रिकामं करून देतील असं मी लिहून घेते. माझा शब्द."

काकूंनी कपबशी खाली ठेवली आणि बराच वेळ त्या बशीकडे बघत राहिल्या. "बरं," म्हणाल्या. "विरूला विचार. घर दोघांच्या नावावर आहे."

विरूपाक्ष पुण्याला असायचा. फोनवर त्यानं एकच गोष्ट धरून ठेवली. "ताई, जागा रिकामी पडण्यापेक्षा भाडं आलेलं बरं, मला मान्य आहे. पण ते तीन महिन्यांचं कलम पाहिजेच. आमचं पुढं काही ठरलं तर अडकायला नको." काय ठरणार होतं ते मी विचारलं नाही. मला कलमाशी मतलब होता. मसुदा केला, दोघांनी होकार दिला, खात्याकडे पाठवला. आणि आता तो मसुदा नवीच अट पोटात घेऊन परत आला होता.

अठ्ठावीस.

मी काकूंच्या शेजारी जाऊन बसले. त्यांनी दस्त माझ्या हातातून घेतला, पर्समधून पेन काढलं आणि एकेका पानाच्या खाली सही करायला लागल्या. *कु. शि. तोडकर.* सावकाश, गोल अक्षर.

"काकू," मी हळूच म्हटलं, "घरी प्रत आली होती ती वाचलीत का?"

"तू आहेस ना? मग मला कशाला वाचायला लावतेस?"

"तसं नाही, एकदा बघून…"

"वैजू." त्यांनी पेन थांबवलं नाही. "विरूला पाचच्या गाडीनं परत जायचंय. सकाळपासून त्याचे फोन चालू आहेत. लवकर उरकू दे हे."

पाचवं पान आलं. काकूंनी त्याच गोल अक्षरात खाली सही केली आणि पान उलटलं.

मला वाटलं, बाईनं डोळे मिटून माझ्यावर सोडलंय. काका असते तर ही वेळ आली नसती. मी त्यांच्या घरी चहा पिऊन शब्द दिला होता आणि आता त्या शब्दाच्या भरवशावर ही म्हातारी आपलं घर लिहून देत होती. खिडकीशी धुमाळ साहेब माझ्याकडेच बघत होते. त्यांनी मान किंचित हलवली. नाही, अशा अर्थानं.

एकोणतीस आणि तीस भराभर झाले. कुणीतरी आलंच नव्हतं.

"एकतीस. तोडकर."

आम्ही आत गेलो. काउंटरवरच्या मुलीनं दस्त चाळला. "एका मालकाच्या सह्या राहिल्यात. करा पटकन, मग फोटो घेऊ."

विरूपाक्ष फोन खिशात टाकत आला. उंच, गोरा, कपाळावर वडिलांसारखीच आठी. काउंटरवर वाकून त्यानं पहिल्या पानावर सही केली.

"मजकूर वाचलाय ना?" मुलीनं विचारलं. ती सगळ्यांनाच विचारत होती.

"आईनं वाचलाय. आधीचाच आहे," तो म्हणाला आणि दुसरं पान उलटलं.

काकू माझ्या डाव्या हाताला उभ्या होत्या. त्यांनी माझं मनगट धरलं. पकड घट्ट होती, त्यांच्या वयाला न शोभणारी. मला वाटलं, उभं राहवत नाहीये. मी त्यांना आधार दिला.

तिसरं पान. साहेबांनी खोकल्यासारखं केलं. माझ्या डोक्यात एकाच वेळी सगळं चाललं होतं. प्लॅस्टिकच्या पिशवीतलं पत्र, अजून दोन जागा, वर्षभराचं काम, झेरॉक्सच्या दुकानातलं टेबल. चौथं पान. त्यानं अंगठ्यानं पान उचललं. काकूंची नखं माझ्या मनगटात रुतली.

"विरूपाक्ष," मी म्हणाले, "पुढच्या पानावरचं बारावं कलम वाचा आणि मग सही करा."

तो थांबला. वाचलं. पुन्हा वाचलं. मग सरळ उभा राहिला आणि पेनाला टोपण लावलं. टोपणाचा तो बारीक आवाज मला अजून आठवतो.

"हे काय आहे, साहेब?"

धुमाळ साहेब विधी शाखेचं सांगू लागले. विरूपाक्ष ऐकत नव्हता. तो आईकडे वळला. "आई, मी तुला परवा फोनवर विचारलं होतं. तू म्हणालीस, वाचलं, काहीही बदललेलं नाही."

काकू म्हणाल्या, "डोळ्यांना दिसत नाही रे आता नीट."

"मग तसं सांगायचं. या ताई बोलल्या नसत्या तर काय झालं असतं कळतंय का तुला? जन्मभर गेली असती जागा." तो माझ्याकडे वळला. "तुमचे उपकार विसरणार नाही, ताई."

मी काकूंकडे पाहिलं. त्यांनी माझं मनगट सोडलं होतं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, काउंटरवर पडलेल्या दस्ताकडे बघत होत्या. ज्यावर त्यांच्या सगळ्या सह्या झालेल्या होत्या.

बाहेर आल्यावर साहेब एवढंच म्हणाले, "साठ दिवस भरले की रद्दचं पत्र मिळेल." आणि गाडीत बसले.

मी रात्री पोटभर जेवले. खोटं कशाला सांगू, काम गेल्याचं वाईट वाटत होतं, पण छाती हलकी होती. आपण कुणाचं तरी घर वाचवलं, असं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकूंकडे गेले. दार त्यांनीच उघडलं. बस म्हणाल्या नाहीत, पण आत वळल्या म्हणून मीही गेले. विरूपाक्ष आदल्याच दिवशी पुण्याला गेला होता. टेबलावर खात्यानं पाठवलेली दस्ताची प्रत पडलेली होती.

"काकू, मला माफ करा," मी म्हणाले. "मी आधीच बघायला हवं होतं. तुमची फसवणूक झाली असती."

त्यांनी ती प्रत माझ्याकडे सरकवली. "बघ."

प्रत्येक पानाच्या समासात पेन्सिलीच्या बारीक खुणा होत्या. दुसऱ्या पानावर 'भाडेपट्टी'तली वेलांटी दुरुस्त केलेली. तिसऱ्यावर एक स्वल्पविराम घातलेला. पाचव्या पानावर बाराव्या कलमाभोवती पातळ चौकट आणि शेजारी बरोबरची खूण.

मी वर पाहिलं.

"एकतीस वर्षं प्रुफं वाचली मी खाली बसून," काकू म्हणाल्या. "लग्नपत्रिका, मतदारयाद्या, दिवाळी अंक. एक मात्रा सुटली नाही कधी. तुला वाटलं, एवढं मोठं कलम सुटलं?"

"मग तुम्ही…"

"विरूनं बिल्डरशी बोलणं केलंय. पुढच्या वर्षी पाडायचं. सात मजले होणार आहेत. मला पुण्याला नेणार, अकराव्या मजल्यावर. खोली दाखवली त्यानं मला फोटोत. चांगली आहे खोली." त्या खिडकीशी गेल्या. खाली गल्लीत भाजीची गाडी उभी होती. "मी ह्या घरात अठराव्या वर्षी आले. खाली यंत्र सुरू झालं की इथल्या भांड्यांना हादरा बसायचा. बंद पडलं तेव्हा दोन महिने झोप लागली नाही मला. इथे मरायचंय गं मला, बाकी काही नाही."

"मग सही देऊ नका ना काकू. तुमच्या सहीशिवाय ते विकता येणार नाही. मी वकील बघते…"

"कुणाविरुद्ध? विरूविरुद्ध?"

मी हातातली प्रत टेबलावर ठेवली.

"तो काही वाईट करत नाहीये. आई एकटी आहे, जिना चढवत नाही, म्हणून नेतोय. कर्ज काढून त्यानं ती माझी खोली घेतली आहे. त्याच्या तोंडावर नाही म्हणता आलं असतं मला, तर सरकारला कशाला मध्ये आणलं असतं?" त्या पहिल्यांदाच माझ्याकडे वळल्या. "सरकार जात नाही म्हणतात, म्हणून तर तुला विचारलं होतं मी. आणि तू म्हणालीस, काळजी करू नका, घालवते. म्हटलं, ठीक आहे, नशिबात नाही. मग तो कागद आला. तीनदा वाचला. मला वाटलं, देवानंच पाठवला."

"मला सांगायचंत काकू. एक शब्द."

"तुला सांगून काय झालं असतं? तू विरूशी खोटं बोलली असतीस?"

मी पर्स खांद्याला लावली.

"जा आता," त्या म्हणाल्या. "तुझ्यावर राग नाही. तू बरोबरच वागलीस. फक्त थोडे दिवस येऊ नकोस."

पुढच्या वर्षी छापखाना पाडला. मी त्या गल्लीतून जाणं टाळत असे, तरी एकदा रिक्षा तिकडूनच गेली. वरच्या मजल्याची खिडकी निघालेली होती आणि आतली हिरवी भिंत उघडी पडली होती.

माझं काम मात्र वाढलं. रद्द झाल्याचं पत्र आलं खरं, पण तोडकरांच्या व्यवहारात मी सरकारच्या तोंडावर मालकाची बाजू घेतली, ही बातमी आठवड्यात गावभर झाली. ती पसरवली विरूपाक्षनंच. ज्या मालकांनी मला दारात उभं केलं नव्हतं ते बोलावून जागा दाखवायला लागले. दोन वर्षांत स्वतःचं ऑफिस झालं. मग त्याच खात्यानं पुन्हा अर्ज मागवले आणि या वेळी मुलाखत न घेता मला नेमलं, कारण मालक दुसऱ्या कुणाला जागा देईनात. आज या भागात सरकारी कार्यालयांच्या जागा लावून देणारी म्हणून माझं नाव आहे. लोक तो किस्सा माझ्याच तोंडावर मला सांगतात. मी ऐकून घेते.

काकूंना भेटायला मी नऊ वर्षांनी गेले. आधी धीर झाला नाही. विरूपाक्षनं दार उघडलं, बायकोला हाक मारून सांगितलं, "या त्या कराडच्या ताई." काकूंची खोली फोटोत होती तशीच चांगली होती. उजेड होता, वारा होता. त्या खूप बारीक झाल्या होत्या. मला ओळखलं. बराच वेळ इकडचं तिकडचं बोललो. गुडघे, कराडचे रस्ते, कोण गेलं, कोण राहिलं. विरूपाक्ष चहा ठेवून बाहेर गेला तेव्हा त्यांनी आवाज खाली आणला.

"ते ऑफिस कुठे गेलं गं शेवटी?"

"मार्केट यार्डाच्या मागे. एका भुसार व्यापाऱ्याच्या गाळ्यांवर. दुसऱ्या एजंटानं लावून दिलं."

"करार किती वर्षांचा?"

"तीन."

त्यांनी मनात हिशेब केला. ओठ हलताना दिसले मला.

"आणि अजून तिथेच आहे?"

"तिथेच आहे, काकू."

त्यांनी मान डोलावली, दोनदा, हळू. मग खिडकीकडे बघत म्हणाल्या, "चहा घे. गार होतोय."